मोठ्या सिस्टरांनी राखून ठेवलेलं काम

पूल संपून उतार लागला तरी मोठ्या सिस्टर गप्पच होत्या. हॉस्पिटलपासून आमच्या गल्लीपर्यंत पायी पाऊण तास लागतो. दिवसपाळी संपली की आम्ही दोघी बरोबर निघतो. एरवी निम्मी वाट सरेपर्यंत त्यांनी तिघांची तरी हजेरी घेतलेली असते: कपडे धुणाऱ्याची, हॉस्पिटलच्या साहेबांची आणि माझी. आज त्या माझा दंड धरून चालत होत्या. फुटपाथची कड आली की आधी पायाने चाचपत होत्या.

"सिस्टर, बरं नाही का?"

"चाल गं. चौकशी आयोग बसवू नकोस."

मी त्याच हॉस्पिटलच्या ऑफिसात टायपिंग करते. नेमणुकीचं पत्र माझ्या टेबलावरून जातं आणि राजीनामा मंजूर झाल्याचंही. गेल्या वर्षी बाळांच्या आयसीयूसाठी आणखी एक अनुभवी नर्स हवी अशी जाहिरात आम्ही सात महिने देत होतो. तिघी आल्या. पहिलीने पगार ऐकल्यावर समोरचं पाणीसुद्धा प्यायलं नाही. दुसरी आठ दिवस टिकली. तिसरीने मलाच विचारलं, "इथे शिकवतं कोण?" मी मोठ्या सिस्टरांचं नाव सांगितलं. तिने आतल्या नर्स मुलींकडे चौकशी केली, आणि परत आलीच नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

त्या खोलीत दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं असतात. किलोभराची, काचेच्या पेटीत ठेवलेली. सुरुवातीला दूध पचत नाही, म्हणून सगळं शिरेतून द्यायचं. शीर म्हणजे कातडीखालची निळसर रेघ. त्या रेघेत नळी घालायची, तिला सगळे 'लाइन लावणं' म्हणतात. आमच्याकडे ते काम मोठ्या सिस्टरच करतात, डॉक्टरसुद्धा त्यांच्यावरच सोपवतात. रजेवर असल्या तरी रिक्षा पाठवून त्यांना बोलावतात.

त्या शिंप्याची तिसरी मुलगी. वडिलांना वाटायचं हिने मशीनवर बसावं. "सुईवरच जगायचं होतं, मी फक्त कापड बदललं," असं त्या सांगतात आणि स्वतःच हसतात. एकविसाव्या वर्षी इथे लागल्या, त्याला चौतीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. यजमान पोस्टातून निवृत्त झाले, स्वयंपाक तेच करतात. "आमच्या घरात मीच पाहुणी," म्हणतात.

पूर्वी त्या सगळं शिकवायच्या. नवी मुलगी आली की तीन दिवस बाळाला हात लावायचा नाही, फक्त पेटीशी बसून श्वास मोजायचे. मग दूध, मग औषध, आणि शेवटी लाइन. वर्षभरात मुलगी तयार. सहा वर्षांपूर्वी नदीपलीकडे नवं हॉस्पिटल उघडलं. त्यांचा माणूस आमच्या फाटकाशी उभा राहायचा आणि बाहेर पडणाऱ्या नर्सला एकच विचारायचा, "लहान बाळाला लाइन लावता येते?" हो म्हणाली की पगार दुप्पट. एका महिन्यात चौघी गेल्या. चारही पत्रं मी टाइप केली. त्या महिन्यात मोठ्या सिस्टर अकरा दिवस घरी गेल्या नाहीत.

त्यानंतर नव्या चौघी आल्या. त्यांना दूध शिकवलं, औषधं शिकवली. लाइनचा विषय निघाला की मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "अजून हात बसू दे." त्याला पाच वर्षं झाली. चौघी टिकल्या. साहेबांनी सभेत मोठ्या सिस्टरांचं कौतुक केलं, की बाकी वॉर्डांतून माणसं गळताहेत आणि इथली एकही हलली नाही. शाल दिली. कौतुकाचा मजकूर मीच लिहिला होता. देवाला सगळं दिसतं, म्हणून खरं तेच लिहिते: मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एक जाहिरात कमी झाली, एवढंच वाटलं.

पाण्याच्या टाकीपाशी बाक आहे. तिथे त्या बसल्या, चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

"आज तीनदा चुकले," त्या म्हणाल्या.

"काय चुकलं?"

"लाइन. अकराशे ग्रॅमचं पोर. मला एका शिरेच्या दोन दिसत होत्या. मी दोन्हींच्या मधे टोचलं. तीनदा. चौथ्यांदा लागली, ती बघून नाही, बोटाने चाचपून."

"बाळ?"

"बरंय. रडून दमलं आणि झोपलं. डॉक्टर म्हणाले, शिराच खराब असतील. शिरा चांगल्या होत्या गं. चिमणी शेजारी उभी होती, तिला दिसत होतं. म्हणाली, सिस्टर, थोडं डावीकडे. आणि मी काय म्हणाले माहितेय? 'तू मला शिकवू नकोस.'"

चिमणी म्हणजे चौघींतली सगळ्यात लहान.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली, दोनदा रद्द केली. एकेका डोळ्याला काही आठवडे हे काम बंद. मी नसताना कोण लावणार?"

"साहेबांना सांगायचं ना."

"काय सांगू? शाल परत घ्या म्हणू?"

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. उद्या सकाळी सात वाजता ह्याच बाई ह्याच डोळ्यांनी त्याच पेटीशी उभ्या राहणार होत्या. नळी दोन दिवसांत बदलावी लागते, हे एवढ्या वर्षांत मलाही कळतं.

"आता तरी शिकवा की त्यांना."

"शिकवलं की उडतील. तू पत्रं टाइप करायला मोकळी. मग त्या पेट्या कोणी सांभाळायच्या, तुझ्या टाइपरायटरने?"

एक गोष्ट मी वर्षभर पोटात ठेवली होती. ती तिथे बोलून गेले. "सिस्टर, ह्यांतली एकजण नदीपलीकडे मुलाखतीला जाऊन आली आहे. अनुभवाच्या दाखल्याची प्रत मीच काढून दिली. त्यांनी विचारलं, लाइन येते का? ती नाही म्हणाली. ते हसले. मग चार वर्षं तिथे पाळणा हलवत होतात का, असं म्हणाले तिला. माझ्या टेबलाशी येऊन रडली."

"कोण?"

"ते नाही सांगणार."

"चिमणीच असेल."

त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. त्यांना तिथे किती दिसत होतं, कोण जाणे.

"म्हणजे माझ्यासाठी राहिल्या नाहीत त्या," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझा थोडा तरी जीव लागलाय त्यांना."

"लागलाही असेल."

"गोड बोलू नकोस, तुला शोभत नाही." मग बोटांवर काहीतरी मोजलं. "बावीस दिवस. बावीस दिवसांनी पहिला डोळा. तोवर चौघींतल्या दोघी जरी तयार झाल्या तरी पेट्या चालतील. चिमणीला आधी. नजर आहे तिच्याकडे, आज बघितलं मी; तोवर मी लावताना डावं-उजवं तीच सांगेल."

"आणि तयार होऊन गेल्या तर?"

"तर जातील. ते मग बघू." आवाज नेहमीचा होता.

"मुलींची माफी कशी मागायची तेही ठरवायचंय अजून," त्या म्हणाल्या. "पण ते मी घरी यजमानांसमोर घोकेन. तुझ्याकडे माझं दुसरंच काम आहे."

त्यांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, चष्मा चढवला आणि मनगटाच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"बाळाला टोचायच्या आधी मुलींनी माणसाला टोचलेलं बरं. आधीच्या मुलींना मी माझाच हात द्यायचे. आता त्या शिरा दोरखंड झाल्यात, आंधळ्यालाही सापडतील. तुझ्या बघ किती बारीक आहेत, आणि बोट लावलं की सटकतात. अशाच हव्यात. चौघी आहेत, रोज दोन-दोनदा तरी टोचतील. हात निळा पडेल, सुजेल. टायपिंग एका हाताने करावं लागेल. उद्या सकाळी ऑफिसात जायच्या आधी वर वॉर्डात येशील का?"