हिरव्या पट्टीच्या अलीकडे

दादा शनिवारी दुपारी गेला. दुबईत, अल बर्शातल्या रेस्टॉरंटच्या मागच्या गल्लीत तो पडला. अँब्युलन्स आली. डॉक्टरांनी तपासलं. ते नाही म्हणाले.

आम्ही त्याला गावी नेलं. बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदन झालं. वहिनी आणि मी परत आलो, कारण दोघांच्याही नोकऱ्या इथे होत्या. मग सरांचा फोन आला.

"शुक्रवारी जेवायला या. वहिनींना घेऊन. महाराष्ट्र मंडळाची चार घरं असतील. बसू, जेवू, त्याची आठवण काढू. अगदी घरच्यासारखं."

सर म्हणजे दादाचे मालक. रेस्टॉरंट त्यांचं. एका टॉवरच्या तळमजल्यावर, एका बाजूला स्टेक, दुसऱ्या बाजूला टाको. आसपासच्या इमारतींतली कुटुंबं तिथे संध्याकाळी नंबर लावून बसतात. गाणी चालू असतात. कुणाचा तरी वाढदिवस असतोच. कोळशावर टपकणाऱ्या चरबीचा आणि चिरलेल्या लिंबाचा वास फुटपाथपर्यंत येतो. दादा तिथे ग्रिलवर होता. वहिनी पुढच्या काचेमागे बसून मक्याच्या टॉर्टिया करायची. भाकरी थापणारा हात होता, म्हणून तिला घेतलं. कॉलर नसलेला, फुलं भरलेला ब्लाउज घालायला दिला. गिऱ्हाइकं काचेबाहेरून फोटो काढायची आणि विचारायची, "मेक्सिको?" वहिनी म्हणायची, "लातूर." दादा हसायचा. म्हणायचा, "बारक्या, आपली भाकरी पासपोर्ट काढून आली बघ."

बारक्या म्हणजे मी. शारजातल्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळतो. अल मजाजला एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहतो. मी बोलतो कमी. शाळेत तर मला ओठांवर बोट ठेवण्याचाच पगार मिळतो.

शुक्रवारी संध्याकाळी मेट्रोतून उतरून आम्ही चालत गेलो. वहिनी सवयीनं मागच्या दाराकडे वळली. मीही तिच्या मागे. एवढ्या वर्षांत मी ते स्वयंपाकघर आतून पाहिलं नव्हतं.

आत ग्रिल धडधडत होतं. पलीकडे भाज्या चिरायची टेबलं, पिण्याच्या पाण्याचा कूलर, त्याच्या शेजारी ऑफिसचं दार, आणि त्यापुढे जेवणाचा हॉल. मध्ये जमिनीवर हिरवी पट्टी चिकटवलेली. वहिनी त्या पट्टीपाशी थांबली. भिंत असावी तशी.

"चला ना आत," मी म्हणालो.

"हिकडून नाही, भावजी. आपण गल्लीतून फिरून पुढच्या दारानं जाऊ."

"का?"

"ग्रिलवाल्यांनी पट्टी वलांडायची नसते. हाताला कच्चं मटण असतं. पलीकडं व्हेज."

"तुम्ही कुठे मटणाला हात लावता?"

तेवढ्यात रॉमेल ग्रिलवरून निघाला. तो फिलिपिन्सचा, दादाचा जोडीदार. लाल अॅप्रन, हात बेसिनखाली धरले, झटकले, पट्टी ओलांडली, कूलरमधून बाटली भरली, परत आला. कुणी वर पाहिलंही नाही.

"तो गेला की," मी म्हणालो.

"त्याचं वेगळं."

"काय वेगळं?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिकलेले. मला कशाला विचारता."

मग तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात उलटेपालटे करून. मेट्रोत बसण्याआधी तिनं ते साबणानं धुतले होते. आज तिची सुट्टी होती. आज ती पाहुणी होती.

आम्ही परत गल्लीत आलो. सूर्य बुडाला होता, तरी भिंती भाजत होत्या. चालता चालता तिनं सांगितलं, तुटक तुटक. सरांची आई अधूनमधून येते. पट्टीपलीकडे साबुदाण्याची खिचडी करते, कधी शिरा. सगळ्या स्टाफला हातानं वाढते. त्यांचं सोवळं असतं. पहिल्याच आठवड्यात मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, दादाला म्हणाल्या होत्या, "तुम्ही इकडे येऊ नका हं. आईंना चालत नाही. बाकी काही नाही." दादाची वाटी ग्रिलच्या कडेला आणून ठेवली जायची. वहिनीची काचेमागे. तिच्या हातच्या टॉर्टिया सगळ्या शहराला चालायच्या. त्या एका बाईला चालत नव्हत्या.

सोवळं. जिथे दिवसभर गाईचं मांस भाजतात तिथे सोवळं.

गॅसच्या सिलिंडरांचा पिंजरा आला. त्याच्यापुढे कचऱ्याचे मोठे डबे. वहिनीची चाल मंदावली.

"हितंच," ती म्हणाली.

मी तिथे उभा राहिलो. एका इमारतीच्या मागच्या बाजूला असतं तेवढंच होतं. एसीचं पाणी ठिबकत होतं. मग मला प्रश्न पडला. तो आधीच पडायला हवा होता. जुलैच्या भर दुपारी, ग्रिल सोडून, दादा या गल्लीत काय करत होता?

"सरांना सांगाया चालला होता म्हणे," वहिनी म्हणाली. "छातीत दुखतंय म्हणून. सर ऑफिसात होते."

ऑफिसचं दार मी आत्ताच पाहिलं होतं. पट्टीच्या पलीकडे, कूलरला लागून.

मागचं दार उघडलं. रॉमेल बाहेर आला. आम्हाला पाहून त्यानं टोपी काढली. माझ्या चेहऱ्यावर प्रश्न होता, त्यानं तो विचारायची वाट पाहिली नाही. हात आतल्या दिशेनं दाखवला आणि म्हणाला, "आय सेड, ब्रदर, गो दिस वे. ही सेड, नॉट मी."

मग तो टोपी घालून आत गेला. ग्रिल सोडता येत नाही.

माणसाच्या छातीत कळ येते. मदत समोर दिसते. आणि तो तिच्याकडे पाठ करून उन्हात निघतो, कारण त्याच्या पायांना वर्षानुवर्षं एक रेघ शिकवलेली असते. मरतानाही तो नियम पाळतो. मी पुस्तकांत हे पुष्कळ वाचलं होतं. गावाबाहेरची वस्ती, दूर ठेवलेली कपबशी. मला वाटायचं, आपण त्यातून विमानानं निघून आलो.

पुढच्या दारानं आत शिरलो तेव्हा उजेड डोळ्यांवर आला. मोठमोठ्यानं हसणारी माणसं. तडतडणाऱ्या तव्यांवरून वाफा. एका लांब टेबलावर मंडळाची कुटुंबं, मुलांच्या हातात टाको, बोटांवरून सॉस ओघळतोय. मोठ्यांसमोर लाकडी पाट्यांवर स्टेक.

"माझा मीडियम रेअर हं," एक बाई वेटरला सांगत होत्या. मग शेजारणीला, हळू: "फोटोत प्लेट घेऊ नकोस गं. सासूबाई बघतात फेसबुक."

सगळे हसले. माझ्या वडिलांनी हेच मांस गावात कडबाकुट्टीच्या मागे, दार लावून खाल्लं. कुणाला वास गेला की दुसऱ्या दिवशी आईला हौदावरून शिव्या यायच्या.

सर उठून आले. खांद्यावर हात. आम्हाला टेबलाच्या टोकाला बसवलं. मॅडम गोड हसल्या. सरांची आई मधोमध बसली होती, पुढ्यात फक्त ताकाचा ग्लास.

"हा आमच्या ग्रिलवाल्याचा भाऊ," सरांनी ओळख करून दिली. "काय हात होता त्याचा! मी नेहमी म्हणायचो, हे शिकवून येत नाही. यांच्या रक्तातच असतं."

दोघं-तिघं हसले. वाईट मनानं नव्हे. कौतुकानं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

सर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आवाज खाली आणला.

"तुम्ही वाचणारे माणूस. जेवणाआधी दोन शब्द बोला. फार नाही. म्हणा, तो इथे घरच्यासारखा होता. स्टाफमध्ये कुणीकुणी काहीबाही बोलतंय. तो बाहेर का गेला, कशाला गेला. घरच्याच माणसानं सांगितलं की विषय संपतो."

मी वहिनीकडे पाहिलं.

"वहिनींचा व्हिसा पुढच्या महिन्यात रिन्यूअलला येतोय ना?" ते म्हणाले. काट्यानं मांसाचा तुकडा फिरवत. "त्यांची मुलगी नर्सिंगला आहे तिकडे. सगळं लक्षात आहे माझ्या. करू आपण. इन्शाल्ला."

मग त्यांनी ग्लासावर चमचा वाजवला. टेबल शांत झालं. बाकी हॉल शांत झाला नाही. कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं चालू होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, चेहरे दुःखी करून, हात प्लेटजवळ.

मी उभा राहिलो.

"माझा भाऊ इथे घरच्यासारखा नव्हता," मी म्हणालो. "तुमच्यासमोर आहे ते तो भाजायचा. ते तुम्हाला चाललं. आत जमिनीवर एक पट्टी आहे, ती त्यानं ओलांडलेली चालत नव्हती. पाणी तिच्या पलीकडे. ऑफिस तिच्या पलीकडे. सोवळं आहे म्हणून. त्या दिवशी छातीत दुखायला लागलं तेव्हा सर पट्टीच्या पलीकडे होते. दादा गल्लीतून फिरून निघाला. पोचला नाही."

एवढंच. माझ्याकडे जास्त शब्द नव्हते.

टेबलावरची एक लहान मुलगी म्हणाली, "मम्मा, व्हॉट्स सोवळं?"

मम्मानं तिच्या प्लेटमधला टाको नीट केला.

"अहो, हायजीनचा नियम आहे तो," मॅडम म्हणाल्या. "रेड साइड, ग्रीन साइड. इन्स्पेक्शनला येतात लोक. जात मानत असतो तर त्याला ठेवलं असतं का आम्ही?"

"रॉमेल पट्टी ओलांडतो," मी म्हणालो. "लाल अॅप्रन घालून. आत्ता पाहिलं."

"रॉमेलचं काय. त्याला काय कळतं आपल्यातलं."

त्या बोलून गेल्या. मग तोंडावर रुमाल धरला. सरांची आई ताकाकडे बघत होती. तिनं मान वर केली नाही, पण ती बहिरी नव्हती.

समोरचे एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, परदेशात येऊन हे कशाला उकरता? इथे आपण सगळे इंडियन." त्यांच्या प्लेटमध्ये रक्त मिसळलेला रस साचला होता. त्यांनी ब्रेडनं तो टिपला.

"खलास," सर म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. "बसा. जेवून घ्या. वहिनींचा तरी विचार करायचा होतात."

वहिनी उठली. तिनं काही खाल्लं नव्हतं. "चला, भावजी."

बाहेर रांग लागली होती. वहिनीची काच आज रिकामी होती, तरी एक जोडपं तिच्यासमोर उभं राहून फोटो काढत होतं.

मेट्रोत ती म्हणाली, "मला विचारायचं होतंत. नोकरी माझी होती."

"हो," मी म्हणालो.

"विचारलं असतं तर मी नको म्हणले असते." दोन स्टेशनं गेली. "म्हणून बरं झालं नाही विचारलंत, असं म्हणणार नाही मी. तुम्ही तुमच्या तोंडानं बोललात. तुमची खोली शाबूत आहे. माझं उद्या काय, ते मला ठाऊक नाही."



उतरायच्या आधी ती म्हणाली, "पण आता अर्धं सांगून चालायचं नाही. त्या मॅडम त्याला काय काय म्हणल्या, ते मला ठाऊक आहे. ते मी सांगते. कुठं सांगायचं ते तुम्ही बघा."

व्हिसा रिन्यू झाला नाही. कारण सांगितलं नाही. महिनाभर वहिनी काचेमागे बसली. तिच्याशी कुणी बोललं नाही. सर जाता-येता मान हलवायचे, जसं काही घडलंच नाही. मॅडमनी मंडळात सांगितलं की बिचारी दुःखानं भ्रमिष्ट झालीय आणि दीर तिला भडकवतोय. माझ्या शाळेतही एक निनावी फोन गेला. मुख्याध्यापिकेनं मला बोलावून दार लावून घेतलं. म्हणाल्या, "सांभाळून राहा." धमकी होती की काळजी, मला अजून कळलेलं नाही.

कामगार कार्यालयात आम्ही दोघं गेलो. वहिनी बोलली. न अडखळता, पदर न गुंडाळता. दुभाषा भला माणूस होता, केरळचा. त्याला सोवळं समजावताना मला वेळ लागला. शेवटी त्यानं विचारलं, "मतलब, बीमारी?"

मी म्हणालो, "हां. लेकिन जिसको होती है वो नहीं मरता."

त्यानं ते अरबीत कसं सांगितलं मला माहीत नाही. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं मात्र वहिनीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा लिहायचं थांबवून ऐकलं. रॉमेलला सरांनी गप्प राहायला सांगितलं होतं. तोही येऊन बोलून गेला. त्याचं पुढे काय होईल याची मला भीती वाटते.

दादा नाही. वहिनी आता नव्या मालकाच्या व्हिसावर फुजैरात, बंदरावरच्या कामगारांच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. माझ्या नावानं, माझ्या आडनावासकट, सरांविरुद्ध एक तक्रार आहे. तिचा निकाल लागलेला नाही. मी ती मागे घेणार नाही.