तोंड झाकून तीन पायांची शर्यत

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती लागलंच तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच. वेलांटी पहिली की दुसरी हे मी अंदाजाने ठरवते. अक्षर असं, की ओळ सरळ निघते आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन पोचते. (मी पळतेही तशीच, ते पुढे येईलच.)

मी आयुष्यात एकदाच शर्यतीत पळाले, आणि तीही तोंड झाकून.

प्लेगच्या साथीत सुरत सोडून गेलेली माणसं परत आली होती, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. (साथीत मीही पळालेच होते, पण ती शर्यत नव्हती.) आम्ही खानदेशातून येऊन सुरतेत भेस्तानला राहत होतो. घरात सासूबाई, माझे जेठ म्हणजे यांचे थोरले भाऊ, हे, मी आणि आमची वंदी. जेठ लूमच्या कारखान्यात मुकादम. कारखान्यात त्यांच्या आवाजापुढे माग ऐकू येत नसत, मग घरात कोण बोलणार! मी तर त्यांच्यासमोर कधी तोंडही उघडं ठेवलं नव्हतं. ते उंबऱ्यात आले की माझा हात आपोआप पदराला जायचा.

वंदीला लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला. खेळाच्या तासाला बाकीची पोरं मैदानात आणि वंदी पायरीवर, सगळ्यांच्या चपला राखत. मग शाळेत कदम बाई आल्या. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्याच दिवशी त्यांनी वंदीला विचारलं, "इथं काय करतेस गं?"

"चपला राखते बाई."

"का? चपला पळून जातात का? ऊठ!"

झालं! त्या दिवसापासून पायरीवर कुणी बसेना. दम लागणारा असो, जाडा असो, चष्मेवाला असो, सगळे मैदानात. बाई नखं तपासायच्या, पाणी उकळलेलं आहे का विचारायच्या, आणि गेटवरच्या तळलेल्या पिवळ्या नळ्या, ती बोबी, बंद करून मोड आलेली मटकी खायला लावायच्या. वंदीला त्यांनी तीन पायांच्या शर्यतीत घेतलं. तिचा बारीक पाय मैत्रिणीच्या धडधाकट पायाला बांधला आणि म्हणाल्या, "आता हा पाय एकटा नाही." वंदी चक्क पळायला लागली!

घरी जेवताना तिने हे सांगितलं आणि जेठांचा घास हातातच राहिला.

"मैदानमा पडनी तं लोके हासतीन. उद्या लगीन जमाव नही," ते सासूबाईंकडे बघून म्हणाले. (मला सांगायचं असलं की ते सासूबाईंना सांगत.) "पडनी की नाव काढी टाकसू शाळामाईन!"

म्हणजे वंदी एकदा पडली की शाळाच बंद.

त्यात बाईंनी नवीन टूम काढली. खेळाच्या दिवशी तीन पायांची शर्यत आई आणि मूल अशी. का? तर पोरांना सवय लावायची तर आयांनाही लागली पाहिजे! मी निरोप पाठवला, मला ताप आहे. शर्यतीला अजून पुष्कळ दिवस होते, पण मी ताप आधीच सांगून ठेवला.

वंदी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, तू नाही आलीस तर मला परत चपलांपाशी बसावं लागेल."

सासूबाई देवळात गेल्या की आम्ही दार लावून सराव करायला लागलो. खोली केवढी, तर धाव सुरू झाली की चूल आलीच. त्यामुळे निघायचं कसं आणि थांबायचं कसं एवढंच आम्ही शिकलो. वळायचं कसं हा धडा राहिलाच.

खेळाचा दिवस जेठांच्या कामाचा होता, हा मोठा आधार. तरी मी काळजी घेतली. सुरतेची साडी म्हणजे आरपार दिसणारी. शंभर लोकांत पळायचं तर अंग झाकलेलं बरं, म्हणून मी घरातली सगळ्यात जाड, गडद साडी नेसले. माझ्या हुशारीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं!

मैदानात फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. पलीकडच्या टोकाला मंडप, टेबल, टेबलावर मटकीचं मोठं पातेलं आणि शेजारी मंडपवाल्याचा माइक. बाईंनी वंदीचा डावा आणि माझा उजवा पाय रुमालाने बांधला. गाठ चांगली आवळली.

तेवढ्यात माइक बोलला, "आपले पाहुणे येऊ शकले नाहीत. पण आज कारखान्याची वीज गेल्यामुळे आपल्या भागातले मुकादम मोकळे आहेत, त्यांनी खुर्ची स्वीकारावी!"

मी मान वर केली. शर्यतीच्या शेवटच्या रेघेला लागून, टेबलाशेजारच्या खुर्चीत पांढरी टोपी. जेठ!

"वंदी, सोड! गाठ सोड!"

"आई, बाई शिट्टी तोंडात धरतायत!"

"अगं मोठे बाबा बसलेत!"

"दिसले मला. तू पळ!"

माझा हात आपोआप पदराला गेला. पदर कपाळावर आला, नाकावर आला, हनुवटीखाली उतरला. जाड साडी! डोळ्यांपुढे भर दुपारी अमावस्या. आणि शिट्टी वाजली.

"एक, दोन! एक, दोन!" वंदी ओरडत होती. बाकीच्या आया सुटल्या तशी मीही सुटले. पण जेठांच्या अंगावर सरळ चालून कसं जायचं? पाय आपसूक बाजूला ओढ घेत होते.

"आई, उजवीकडे! रेघ सोडलीस!"

"मला रेघ दिसत नाही!"

"मग थांब!"

"थांबता येत नाही!" (थांबायला मी चुलीपाशी शिकले होते. मैदानात चूल कुठली?)

"आई, टेबल! टेबल!"

आधी माझा गुडघा टेबलाला लागला. मग माइक पडला आणि असा किंचाळला की गेटवरची कुत्री भुंकायला लागली. मग पातेलं. मग आम्ही दोघी.

मी पदर तसाच धरून जमिनीवर पडले होते. पदराच्या कडेखालून मला फक्त दोन चपला दिसत होत्या. जेठांच्या. चपलांवर मटकी.

पडली. माझी पोर पडली, आणि तीही माझ्यामुळे! चपला एक पाऊल पुढे आल्या. मी डोळे मिटले. (पदराआड डोळे मिटून काय उपयोग, पण मिटले.)

तेवढ्यात माझा उजवा पाय हलला. मी हलवला नव्हता. वंदी हाताने टेबल धरून उठत होती आणि रुमालाने मला ओढत होती.

"आई, ऊठ ना. रेघ एवढ्यावर आहे."

वरून जेठांचा आवाज आला. सासूबाई नव्हत्या, म्हणून ते वंदीशी बोलले. "पोरी, तुनी मायले सांग, पदर वर कर! नही तं आज आख्खी शाळा पाडी टाकी!"

सगळं मैदान हसलं. वंदीवर नाही, माझ्यावर! मी पदर कपाळापर्यंत वर घेतला. जेठांच्या टोपीवर, मिशीवर, खांद्यावर मोड आलेली मटकी होती. ते मिशीवरची चघळत होते.

"मीठ कमी शे," ते म्हणाले. आणि हाताने रेघ दाखवली.

आम्ही दोघी लंगडत रेघ ओलांडून गेलो. सगळ्यांत शेवटी. बाईंनी वंदीला मिठीच मारली. घरी जेठ सासूबाईंना एवढंच म्हणाले, "पोर उठनी. माय पडेल व्हती." शाळेचा विषय परत निघाला नाही आणि वंदी पायरीवर परत बसली नाही. सकाळी जेठांना वाटीभर मटकी लागायला लागली, मीठ घालून.

राहिला मंडपवाल्याचा मोडलेला माइक. जेठ त्याचे पैसे भरायला तयार होते, पण टेबलाला गुडघा माझा लागला होता. मी घरी साड्यांचे धागे कापायचं काम घेतलं आणि दर महिन्याला वंदीला घेऊन थोडे थोडे पैसे मंडपवाल्याकडे नेऊन दिले. माणूस गुजराती, पण आमच्या लोकांत राहून मराठी शिकलेला. शेवटचे पैसे त्याने गल्ल्यात टाकले आणि हात जोडले.

"बेन, हिसाब पूरा. पण पुढच्या वर्षी तुमी पळणार असेल तर मला पैला सांगा. मी माइक झाडावर बांधते."

परक्या पुरुषाशी मी तेव्हा पहिल्यांदाच बोलले.

"बांधा भाऊ," मी म्हटलं, "पण झाड कुठं आहे ते मला आधी दाखवून ठेवा."