बिजाच्या झाडाचा सत्कार

माझा मित्र विनायक गेला तेव्हा मी राळेगावच्या एसटीत होतो. फोनवर हात जोडल्याची चित्रं एकामागून एक येत होती, पण कोण गेलं हे कुणीच लिहीत नव्हतं... विनायक आजारी होता, म्हणून शेवटी त्याच्या पुतण्याला फोन करून विचारलं.

यवतमाळच्या कॉलेजात त्याने जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्याच्याकडे दोनच विषय उरले: मॉरिशसचं एक नामशेष झालेलं, फळं खाणारं वटवाघूळ आणि आमच्या कॉलनीच्या मैदानातलं बिजाचं, म्हणजे बिबळ्याचं, झाड. या दोघांची तुलना तो लग्नाच्या पंगतीतही काढायचा. ते वटवाघूळ जुन्या झाडांच्या ढोलीत राही; लोक ढोलीत धूर करून त्याला मारत, चरबी काढत. झाडं तुटली, तसं तेही संपलं. इकडे बिजाच्या लाकडाच्या पेल्यातलं पाणी मधुमेहावर चालतं म्हणून रानातला बिजा कापून कापून दुर्मिळ झाला. आमचा वाचला, आणि हे लक्षात येताच त्याचा सत्कार ठरला. खोडाला चिकटून सिमेंटचा ओटा, वर चकचकीत फरशी, फलकावर झाडाच्या नावापेक्षा पाहुण्यांची नावं मोठी. फीत कापली जात असताना विनायक माझ्या कानाशी म्हणाला, "वटवाघळाले दुश्मनानं मारलं बे. याले सत्कार करून मारून राह्यले."

ओटा फोडून मुळं मोकळी करा, एवढंच तो पुढे भेटेल त्याला सांगत राहिला. लोक माना डोलवत आणि त्याच ओट्यावर बसून चहा पीत. मागच्या उन्हाळ्यात झाडाची एक बाजू वाळली. तेव्हा विनायक दवाखान्यात होता. मी भेटायला गेलो, तर त्याने तब्येतीचं विचारूच दिलं नाही.

"पालवी आली काय?"

"आली."

"एखाद्या फांदीले आली असन." त्याने कूस बदलली. "वटवाघळाचं बरं आहे. त्याची वाट पाहा लागत नाही."

शोकसभा त्याच ओट्यावर झाली. ओट्याला विनायकचं नाव द्यायचं, संगमरवरी पाटी लावायची, असं टाळ्यांच्या गजरात ठरलं. त्याची बायको, शालूवहिनी, उभी राहिली. "पाटी कायले लावता, भाऊ? ओटा फोडा न."

अध्यक्ष हळहळून म्हणाले, "वहिनी, आता सरांचं स्मारक झालं न ते. आता कसं फोडावं?"

विनायकने पेचकसाने उकरून दोन फरश्यांमधली एक फट रुंद केली होती. रोज संध्याकाळी तो तिच्यात बादलीभर पाणी ओतायचा. आता वहिनी ओततात. बहुतेक पाणी पायरीवरून रस्त्यावर जातं. थोडं आत मुरतं, तेवढा वेळ त्या उभ्या असतात.