अण्णाने सांधलेला ताणा

"मंगल, हे उठंनात गं..." एवढंच बोलून वहिनीने फोन तसाच धरून ठेवला. मी निपाणीत, शाळेच्या ऑफिसात, दाखल्यांवर शिक्के मारत होते. दुपारचं जेवण करून अण्णा आडवा झाला होता. चहाला हाक मारली तर हलेना, अंग गार... असं तिने नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. भावाच्या मरणाची बातमी ऐकून माणूस रडतो. मी आधी विचारलं, "गोळ्यांचा डबा कुठाय?" वहिनी काही बोलली नाही. तिलाही तोच प्रश्न पडला होता, हे मला त्या गप्प राहण्यावरून कळलं.

डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहून दिलं. साखर होती, रक्तदाब होता, वय होतं. मी पोचले आणि रात्रीपर्यंत सगळं आटोपलंसुद्धा. गोळ्यांचा डबा फडताळात जागेवर होता, पण त्यात काय उरलं होतं हे पाहायच्या अवस्थेत कुणी नव्हतं आणि तिसऱ्या दिवशी खोली धुताना कुणीतरी तो टाकूनही दिला. कुणी टाकला याची मी रीतसर चौकशी केली. कुणी कबूल झालं नाही. त्यानंतरचे आठवडे वहिनी आणि मी एकाच प्रश्नाभोवती फिरत होतो आणि एकमेकींसमोर तो उच्चारत नव्हतो.

हा प्रश्न का पडावा, ते सांगते. अण्णा बेळगावात मोजणी खात्यात होता. आयुष्य जमिनींच्या हद्दी मोजण्यात गेलं. निवृत्त झाला आणि वर्षभरात अंथरुणाला खिळला. ताप नाही, दुखणं नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडून. दाढी वाढलेली, ताटातली भाकरी तशीच. एकदा मला म्हणाला, "मंगे, मी नसलो तर कुणाचं काय अडतंय गं?" मी त्याच दिवशी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी दार उघडेल, पण घराबाहेर चालत जायचं तर रोज हाताला काहीतरी काम हवं, स्वतःला आवडेल असं. मी लगेच कागद घेतला आणि त्याला काय काय करता येईल ते लिहून काढलं. सकाळचं फिरणं, फुलझाडं, भजनी मंडळ, बुद्धिबळ. फिरायला गेला की पायाकडे बघत चालायचा. झाडांना इतकं पाणी घातलं की ती कुजली. भजनी मंडळात पेटीवाल्याशी सुरावरून वाजलं. माझा कागद संपत आला आणि अण्णाने जे धरलं ते त्यावर नव्हतंच.

वहिनी शहापूरच्या विणकर घरातली. तिच्या माहेरच्या गल्लीत आता यंत्रमागांचा खडखडाट आहे, पण तिचे चुलतभाऊ आप्पा यांच्या घरी मागच्या खोलीत एक जुना हातमाग उरला आहे. कसल्याशा कार्याला गेलेला अण्णा त्या खोलीत जाऊन बसला आणि जेवायची हाक आली तरी बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी आपण होऊन गेला. मग रोजच. खासबागेतल्या घरातून सकाळी डबा घेऊन निघायचा आणि चालत शहापूरला जायचा. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा, आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकायचा. वहिनीला हे मुळीच पटलं नव्हतं. "ज्या कामापासून सुटाय मी कारकून नवरा केला, त्येच काम हा हौसंनं कराय लागलाय," असं ती येईल त्याला सांगायची. अण्णाने पहिली चादर घरी आणली तेव्हा तिच्या कडा सरळ म्हणून नव्हत्या. वहिनी म्हणाली, "चादर हाय का ओढ्याचा नकाशा?" अण्णा म्हणाला, "मोजणी खात्याचा माणूस हाय मी. नकाशाच निघणार." कितीतरी महिन्यांनी त्या घरात मोठ्याने हसणं झालं.

त्याला जेवण जाऊ लागलं, झोप लागू लागली. मला मात्र त्यावर भरवसा ठेवता येईना. बरी दिसणारी माणसं बरं वाटत असल्याचं नाटकही करतात, हे मी वाचलं होतं. म्हणून रोज सकाळी मी निपाणीहून फोन करायची. झोप? जेवण? आंघोळ? कुणाशी बोललास? तो उत्तरं द्यायचा आणि शेवटी विचारायचा, "मग बाईसाहेब, पास का नापास?" मी त्याच्या आवाजात भेग शोधत असायची. संशय घेणं हा मी काळजी घेण्याचाच भाग समजते. आजही समजते.

म्हणूनच त्याच्या शेवटच्या पंधरवड्यातलं सगळं मला खटकलं होतं. मी बेळगावला आले होते. परत निघताना तो शहापुराहून थेट बसस्टँडवर आला आणि त्याने माझ्या हातात एक घडी केलेली चादर दिली. निळी, कडा बऱ्यापैकी सरळ. "घे. संपलं एकदाचं," म्हणाला. डोळे लाल होते. बोटांची टोकं राखाडी, राखेत बुडवल्यासारखी. "हे काय रं?" म्हटलं तर हात खिशात घातले. "काय न्हाय. गाडी लागली बघ तुझी." आपल्या वस्तू वाटून टाकणारा माणूस, आणि बोटांना राख, काहीतरी जाळल्यासारखी... गाडीत बसल्यापासून मी त्याचाच विचार करत होते. रात्री वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "मागावरचं काम संपलं म्हणत्यात, तरी रोज जात्यातच. कुठं जात्यात? घरी आलं की बोलत न्हाईत. काय इचारलं तर म्हणत्यात, हा आठवडा मला काय इचारू नको." राखेचं मी तिला सांगितलं नाही. आणि त्यानंतर चारच दिवसांनी तो दुपारी झोपला तो उठला नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, आणि वहिनीचा संशय माझ्याकडे वळला. "डॉक्टरासंगं तू भाईर उभारून काय बोललीस?" तिने एका संध्याकाळी विचारलं. मी म्हटलं, कागदपत्रांचं. "खोटं. मला खरं सांग, मंगल. त्येंनी आपल्या हातानं..." पुढचं तिला बोलवेना. "गल्लीतल्या बायका माझ्या तोंडाकडं बघत्यात. मी बाजूच्या खोलीत गहू निवडत होते गं. बाजूच्या खोलीत." तिला कारण नको होतं. आपण शेजारच्या खोलीत असताना आपला माणूस आपल्याला टाकून गेला का, एवढंच तिला हवं होतं. मी तिला छातीठोकपणे 'नाही' म्हणू शकले असते. पण माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता, आणि वहिनीने तो आवाज ओळखला असता.

मग आप्पांचा फोन आला. "अण्णांचं काम मागावर तसंच हाय. काय करू? तुमी येऊन बघून तर जावा." वहिनी म्हणाली, त्यांनी तर संपवलं होतं. आप्पा म्हणाले, "येऊन बघ की." लग्नानंतर ती त्या मागच्या खोलीत गेली नव्हती. माझा हात धरून उंबऱ्यात थांबली. खोलीत उजेड एका झरोक्यातून येत होता. मागावर उभे धागे ताणलेले होते, पिवळे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आडवा धागा एकही नव्हता.

वहिनी पुढे झाली आणि वाकून पाहू लागली. मला त्यात पिवळ्या धाग्यांपलीकडे काही दिसत नव्हतं, म्हणून तिने मला नंतर सांगितलं ते इथे सांगते. मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की तो पुरता काढत नाहीत. त्याची टोकं तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या एकेक टोकाला पीळ देऊन सांधतात. धागा निसटू नये म्हणून बोटांना राख लावतात. शेकडो धागे. एक चुकला तर पुढचे सगळे चुकतात, म्हणून कुणी मधे बोललेलं चालत नाही. डोळ्यांची आग होते. लहानपणी तिला आईसमोर बसून हेच करावं लागायचं, आणि याच कामाला कंटाळून तिने विणकराघरी जायचं नाही असं ठरवलं होतं. अण्णासारखा नवशिका हे एकट्याने करील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"हे तू केलंस न्हवं?" तिने आप्पांना दरडावून विचारलं.

"मी कुठलं? हात लावू देत न्हवते. आदी मीच करून देत हुतो. या खेपंला म्हणाले, आप्पा, आता माझं मलाच जमू द्या. तिला सांगू नका, ती हसंल."

"आणि एवढा लांब ताणा? ह्यातनं किती चादरी निघतील!"

"मीबी तेच म्हणालतो. दिवाळीपतोर पुरंल म्हणाले."

तेव्हा उन्हाळा होता. वहिनीने पिवळ्या धाग्यांवरून पालथा हात हळूच फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मध्येच थांबली, एका धाग्याचा पीळ सैल होता तो बोटांनी घट्ट केला. मग तिचा बांध फुटला. रडता रडता ती अण्णालाच शिव्या देत होती. "डोळं लाल करून घ्यायचं... सांगायचं न्हाय व्हय मला? एकट्यानं बसायचं काम हाय हे? मी आले असते की समोर बसाय!"

हा पुरावा नाही, हे मला कळतं. दिवाळीपर्यंतचं काम मांडून ठेवणाऱ्या माणसाच्या मनात दुपारी काय आलं असेल, हे कुठलाही ताणा सांगू शकत नाही. परतीच्या रिक्षात मी तसं बोलणारही होते. वहिनी बाहेर बघत म्हणाली, "तू काय म्हणणार हाईस ते मला ठावं हाय. म्हणू नको." मी म्हटलं नाही.

आता वहिनी रोज सकाळी शहापूरला जाते. आप्पा सांगतात, पहिल्या दिवशी तिने विणलेलं पुन्हा उसवलं, हात विसरला म्हणाली. परवा मी अचानक जाऊन उभी राहिले, बघायलाच. चांगली वीतभर पिवळी चादर झाली होती, कडा सरळ. वहिनीने माझ्याकडे मान वळवली नाही. "गप बस तिथं," म्हणाली, "धागं मोजाय लागलेय." आणि धोटा दुसऱ्या हाताकडे गेला.