तालमीतली शपथ

मला राग लवकर येतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. येतो तसा उतरतोही. पण एक राग पन्नास वर्षं झाली तरी उतरलेला नाही. तो आमच्या पेठेतल्या तालमीच्या वस्तादावर आहे, माझ्या नवऱ्यावर आहे आणि खरं सांगायचं तर माझ्यावरही आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. शाळांना सुट्टी लागली की तालमीत पोरांचा वर्ग भरायचा, सकाळी सहा ते आठ. लाठी, मल्लखांब, कुस्ती. पोरं चाळीसेक आणि शिकवणारा वस्ताद एकटा. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. नवरा मिलमध्ये होता आणि लहानपणी त्याच तालमीच्या मातीत लोळलेला. "गल्लीत गोट्या खेळण्यापरीस तितं घाम गाळू दे की," म्हणाला. मलाही बरंच वाटलं. दोन तास पोरगं कुणाच्या तरी नजरेखाली राहील, मला शिवणाचं मशीन निवांत चालवता येईल. नजरेखाली म्हणे! कपाळ माझं.

वर्गाच्या पहिल्या दिवशी वस्ताद एकेका पोराला मारुतीपुढं उभं करायचा, कपाळाला तांबडी माती लावायचा आणि शपथ घ्यायला लावायचा. तालमीतलं घरी सांगायचं नाही. पडलं, लागलं, मार बसला, सगळं तालमीतच जिरवायचं. मोठ्या पैलवानांची जुनी रीत होती ती. आपले डाव दुसऱ्या तालमीला कळू नयेत म्हणून कधीतरी पडली असेल. ती तशीच उचलून या लेकरांच्या गळ्यात बांधली. आम्हा बायांना तर तालमीचा उंबरा ओलांडायचीच मनाई. मग आत काय चाललंय ते बघणार कोण?

वर्ग सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, एके सकाळी मुलगा साडेआठला घरी आला आणि न बोलता आतल्या खोलीत जाऊन पडला. मी मशीनवरून मान वर करून पाहिलं. अंगात शाळेचा लांब बाह्यांचा शर्ट होता. मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि पोरगं लांब बाह्या घालून झोपतंय. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला नको? पण लग्नसराईचे दिवस, आठ पोलकी द्यायची होती. मी मान खाली घातली ती जेवायच्या वेळेपर्यंत.

दुपारी त्याच्यापुढं ताट ठेवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वरण. पोरगं डाव्या हातानं भाकरी मोडायला बघतंय आणि ती सरकतेय ताटभर. मी उजवा हात धरला तशी किंचाळलं. बाही वर सारली तर कोपराला बांबूच्या कामट्या लावून, वर जुन्या फेट्याची पट्टी करकचून आवळलेली. हळदीचा वास. हाताची बोटं सुजून निळी पडलेली आणि गार लागत होती.

"काय झालं रे? कुठं पडलास?"

"कुटं न्हाय."

"हे बांधलं कुणी?"

तोंड मिटलेलं. मी ओरडले, गोंजारलं, शेवटी एक थोबाडीतसुद्धा दिली. हो, दिली. आजही तो हात मला स्वतःचा वाटत नाही. पोरगं रडलं, पण बोललं नाही. मी पट्टीला हात लावला की डावा हात मध्ये घालायचं.

तीन वाजता नवरा पाळीवरून आला. त्यानं पट्टी बघितली आणि बघताक्षणी ओळखली. "वस्तादानं सांधा बसवलाय. लई चांगला हात हाय त्याचा. माझाबी बसवला हुता. सोडू नगंस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, बोटं निळी झालीत, दिसत नाहीत का तुम्हाला?"

"उतरंल सकाळपतुर."

तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, "आई, बोटं कळतच न्हाईत गं." आणि मग सगळं सांगितलं. मल्लखांबावरून निसटला. खालची माती त्या दिवशी कुणी खोदलीच नव्हती, टणक होती. वस्तादानं हात ओढला, बांधला आणि शपथेची आठवण करून दिली.

मी कात्रीनं कराकरा पट्टी कापली आणि पोराला उचलून रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. हाड मोडलंय म्हणाला, आणि वर आवळून बांधल्यानं रक्तच पोचलेलं नाही. "सकाळीच का नाही आणलंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तालमीत गेले. उंबरा ओलांडून, पायातल्या चपलांसकट.

"ओ बाई! बायांनी हितं यायचं न्हाय," वस्ताद ओरडला.

"माझं पोरगं इथं आलं तेव्हा दोन्ही हातांनी भाकरी मोडत होतं," मी म्हणाले. "तुम्ही माती खोदली नाही, तो पडला. तुम्ही हात आवळलात. आणि वर त्याचं तोंडही बांधलंत. कसले वस्ताद हो तुम्ही?"

मग मी पोरांकडं वळले. आणखी कुणाकुणाला लागलंय, विचारलं. चाळीस पोरं, एक हूं की चूं नाही. शपथ होती ना!

"बोलू नका. नुसतं दाखवा."

आधी एकानं सुजलेला अंगठा पुढं केला. मग एकानं बनियन वर केलं. पाठीवर लाठीचा वळ होता. मग आणखी कुणी, आणखी कुणी. वस्ताद खाली मातीकडं बघत उभा राहिला. मला त्याची कीव आली नाही, अजूनही येत नाही. त्या सकाळी निम्मी पोरं आपापल्या घरी गेली आणि परत आली नाहीत.

आठव्या दिवशी डॉक्टरनं सांगितलं, हात वाचला, पण शेवटची दोन बोटं पुरती उघडणार नाहीत. मुलगा दवाखान्यातल्या खाटेवर बसून सगळं ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर त्यानं ती वाकडी बोटं डाव्या हातानं सरळ करून बघितली. सोडली की ती पुन्हा वळायची.

"आई," तो म्हणाला, "मी तुला सांगितलं म्हणून मारुतीनं बोटं नेली का गं?"

सकाळीच सांगितलं असतंस तर ती राहिली असती, हे खरं उत्तर होतं. ते त्याला कोणत्या तोंडानं सांगू? "नाही रे राजा," मी म्हणाले, "मारुती कशाला नेईल?"

त्याला ते पटलं नाही.