बायांच्या फुटबॉलात मी उपटलेला झेंडा

मी आयुष्यात फुटबॉलचा एकच सामना पाहिला, आणि तोही मला पूर्ण पाहू दिला नाही.

सामना साधासुधा नव्हता. भारताच्या बाया विरुद्ध परदेशातल्या बाया, नागपूरच्या मैदानात. तो परदेश कोणता हे मला तेव्हा दोन-तीनदा सांगितलं होतं. पण ज्या गावाला पांढुर्ण्याहून बस जात नाही, त्याचं नाव लक्षात ठेवायची मला सवय नाही. मी कापूस आणि संत्रावाला माणूस. शिक्षण चौथी पास (मास्तर म्हणत, तेही चुकून). मला फुटबॉलशी काय घेणंदेणं? पण आमच्या पुष्पाचं लग्न त्या चेंडूला अडकलं होतं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. सौसरचे गुलाबराव, संत्र्याचे बागाईतदार, त्यांचा मुलगा विजय शाळेत मास्तर. बापलेक पुष्पाला पाहायला आमच्या घरी पांढुर्ण्याला आले. पोहे झाले, चहा झाला. पुष्पा आणि विजय एकमेकांकडे असे पाहून राहिले होते की तसं पाहायला आमच्या वेळी लग्न झाल्यावरही परवानगी नव्हती. सगळं जमल्यात जमा होतं. तेवढ्यात गुलाबरावांनी खिशातून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. फोटोत एक पोरगी, अंगात हाफपँट, पाय चेंडूवर, हात कमरेवर, जशी काही चेंडूची मालकीणच.

"ही आमची शोभा," ते म्हणाले. "विजयची बहीण. नागपूरले मामाकडे शिकते. फुटबॉल खेळते. औंदा भारताच्या टीममध्ये घेतली तिले."

मी फोटो पाहिला, मग छत पाहिलं. गुलाबराव माझं तोंड पाहून राहिले होते.

"याच्या पह्यले एक सोयरीक आली होती," ते म्हणाले. "पोट्टीचा बाप म्हणे, लगनाच्या आधी शोभाची हाफपँट बंद करा. मी म्हटलं, तुम्ही आधी चहा संपवा अन् बस पकडा."

माझ्याही जिभेवर तेच वाक्य येऊन बसलं होतं. मी ते चहासोबत गिळलं. दाराआड पुष्पा उभी होती, तिचा श्वास थांबलेला मला इथवर ऐकू आला.

"तुम्हाले फुटबॉल समजते काय जी?" गुलाबरावांनी विचारलं.

आता इथे नाही म्हणायला काय जात होतं? पण मला आयुष्यात कोणी 'हे समजते काय' असं विचारलं की माझ्या तोंडातून नाही हा शब्द निघत नाही. घराण्याचाच दोष आहे.

"समजते म्हणजे?" मी म्हणालो. "लहानपणापासून."

आत चुलीपाशी एक झाकण पडलं.

गुलाबराव खूश झाले. "मंग जमलं. रविवारी नागपूरले सामना हाये. तुम्ही तिघंही या. सामना झाला की मामाच्याच घरी सुपारी फोडू. जो माह्या पोरीचा खेळ पाहू शकते, त्याच्याशीच माही सोयरीक."

पाहुणे गेले आणि घरवाली बाहेर आली.

"कोणता फुटबॉल खेळले तुम्ही लहानपणी?"

"खेळ म्हणजे खेळ. दोन बाजू असतात, मधात एक वस्तू असते, ती आणायची."

"गल्लीत कोणाले तरी विचारून घ्या. पोट्टीच्या जिंदगीचा सवाल हाये."

"ज्याच्या कपाळावर गोटमारीचा वण आहे, तो गल्लीतल्या पोट्ट्यांना खेळ विचारायला जाणार काय?"

गोटमार ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. या काठाला आम्ही पांढुर्णेवाले, त्या काठाला सावरगाववाले. दोन्हीकडून दगड. आम्ही दगड खात झाडापाशी जायचं, कुऱ्हाडीनं झाड तोडायचं आणि झेंडा घेऊन चंडी मातेच्या देवळाकडे पळायचं. यात दरवर्षी कितीक डोकी फुटतात, त्याला आमच्याकडे परंपरा म्हणतात. पोरगी हाफपँट घालून चेंडूमागे धावली, तर त्याला बेअब्रू म्हणतात. (हे मी आज लिहून राहिलो. तेव्हा मीही तेच म्हणत होतो, फक्त मनातल्या मनात, कारण सुपारी फुटायची होती.)

रविवारी पॅसेंजरनं निघालो. सोबत घरची संत्री एक पिशवी भरून. गाडीत घरवालीनं मला एकच धडा दिला. "तोंड उघडू नका. कोणी काही विचारलं तर चांगलं आहे म्हणा. बस."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर आणखीच चांगलं."

मैदानावर गुलाबराव आणि विजय आमची वाट पाहून राहिले होते. गुलाबरावांनी कडक इस्त्रीचा कुर्ता घातला होता आणि सुपारी कुर्त्याच्या खिशात होती. मला ती वरूनच दिसत होती. बसायला जागा अगदी पुढे, मैदानाच्या एका कोपऱ्यापाशी, मधात फक्त बांबूचं कुंपण.

गर्दी म्हणाल तर पोळ्याच्या बाजारासारखी. फुटबॉल कळणारे त्यात किती होते देव जाणे. आमच्या मागचा एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ शेजाऱ्याला सांगून राहिला होता की आपण केवळ खेळाच्या प्रेमापोटी आलो आहोत. त्यानं दुर्बीण आणली होती, आणि चेंडू कुठेही असो, दुर्बीण पायांवरच राहत होती.

सामन्याआधी प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं. ते एक पुढारी होते. नारी ही अबला नाही, नारी ही देवी आहे, असं ते फार वेळ सांगत होते, आणि तोवर दोन्हीकडच्या देव्या उन्हात रांगेनं उभ्या. एक परदेशी देवी तर उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागली. मग हारतुरे. मग हार घालणाऱ्यांचे फोटो. शेवटी कोणाला तरी आठवलं की इथे सामना पण आहे.

शिटी वाजली. परदेशी बाया अशा उंच की आमच्या पोरी त्यांच्या काखेखालून निघून जात होत्या. शोभा मला लगेच ओळखू आली, फोटोतल्यासारखाच तिचा तोरा. चेंडू इकडे गेला की सगळ्या इकडे, तिकडे गेला की सगळ्या तिकडे. मी शहाण्यासारखा गप्प बसून निरीक्षण केलं. मैदानाच्या चारी कोपऱ्यांत एकेक झेंडा रोवलेला होता. बारका, पण झेंडाच. राखायला कोणी नाही, आणि तोडायलाही कोणी जात नाही. पोरी बिचाऱ्या नुसत्या चेंडूच्या मागे!

"कसं वाटून राहिलं?" गुलाबरावांनी विचारलं.

घरवालीनं कोपरानं ढोसलं. "चांगलं आहे," मी म्हणालो. इथे थांबायचं होतं. पण समजते म्हणून सांगितलेल्या माणसाला एवढंच बोलून कसं भागेल? "पण झेंड्याकडे कोणाचं लक्ष नाही."

गुलाबरावांनी मांडीवर थाप मारली. "वा! मी केव्हाचा तेच पाहून राहिलो. तो बाजूनं झेंडा घेऊन पळून राहिला ना, त्या पंचाले काही दिसतच नाही. पाहुणे, तुमची नजर पक्की हाये."

ते कोणत्या पंचाबद्दल बोलून राहिले होते हे मला कळलं नाही. पण माझी नजर पक्की आहे, हे मला पटलं. मी घरवालीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

दोन्हीकडून एकेक गोल झाला होता. सामना संपत आला. गुलाबरावांचा गळा बसला होता, विजय उभा राहिला होता, पुष्पा त्याच्या बाजूला उभी होती आणि दोघांनाही त्याचं भान नव्हतं. तेवढ्यात शोभा चेंडू हातात घेऊन पळत आमच्याच कोपऱ्यात आली. चेंडू तिनं झेंड्याच्या बुडाशी ठेवला, दोन पावलं मागे गेली आणि भलतीकडेच पाहू लागली. बाकीच्या सगळ्या बाया दूर, त्या जाळीपाशी घोळक्यानं उभ्या.

"अरे देवा," गुलाबराव कपाळाला हात लावून म्हणाले, "हाच शेवटचा मौका हाये. आता नाही तं कधीच नाही."

मी पाहून राहिलो. पोरगी झेंड्यापाशी पोचली आहे. दुश्मन दूर आहे. आणि पोरगी झेंडा उपटून नाही राहिली! बाप इथे कपाळ धरून बसला आहे आणि सांगायला कोणी जात नाही. अशा वेळी पांढुर्ण्याच्या माणसानं काय करावं?

मी धोतर खोचलं आणि कुंपण ओलांडलं.

झेंडा एका हिसक्यात निघाला. मला थोडं वाईटच वाटलं, आमच्याकडे यासाठी कुऱ्हाड लागते. "चंडी माता की जय!" मी ओरडलो आणि पळालो. आता पळायचं कुठे? देऊळ तर दिसेना. मैदानात सगळ्यात उंच आणि हारफुलांनी सजलेली जागा म्हणजे मंडप, तिकडेच सुटलो. मागून शोभा ओरडून राहिली होती, "काकाजी, झेंडा! अहो काकाजी, झेंडा ठेवा!" मला वाटलं, पोरगी मला बढावा देऊन राहिली. मी आणखी जोरात पळालो. शिट्या वाजू लागल्या. परदेशी गोलकीपर खाली बसली आणि पोट धरून हसू लागली. दुर्बीणवाल्यानं पहिल्यांदाच दुर्बीण पायांवरून हटवली.

मंडपात प्रमुख पाहुणे पेंगत होते. डोळे उघडून त्यांनी पाहिलं तर समोर धोतरवाला माणूस, हातात झेंडा, तोंडात घोषणा. जन्मभराच्या सवयीनं ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "आपल्या मागण्या रास्त आहेत. निवेदन द्या, आम्ही सहानुभूतीनं विचार करू."

मी त्यांच्या हातात झेंडा दिला. त्यांनी तो घेतला, आणि फोटोवाल्यानं फोटोही काढला.

तेवढ्यात हवालदार पोचला. त्यानं माझी कॉलर धरली आणि विचारलं, "कोणत्या संघटनेचा तू?"

"पांढुर्ण्याचा," मी म्हणालो.

"मोर्चाची परवानगी होती काय?"

"झेंड्याला परवानगी कशाला लागते?"

त्यानं मला तसंच ओढत आमच्या कोपऱ्यापर्यंत आणलं. खेळ थांबलेला. सगळं मैदान आमच्याकडे पाहून राहिलं होतं. हवालदारानं कुंपणापाशी मोठ्यानं विचारलं, "या माणसासोबत कोण आहे?"

माझी घरवाली पिशवीतलं एकेक संत्रं काढून ते सडकं आहे काय हे तपासू लागली. पुष्पाच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग विजयकडे, मग खाली. आणि गुलाबरावांचा हात खिशातल्या सुपारीवर होता. तो हात आता सुपारी घरी परत नेणार, हे माझ्यासारख्या चौथी पासालाही वाचता येत होतं.

गुलाबराव उठले आणि कुंपणापाशी आले. "काहून उपटला जी झेंडा?" त्यांनी हळूच विचारलं. "खरं सांगा. तुम्हाले फुटबॉल येते काय?"

"नाही," मी म्हणालो. उभ्या जन्मात अशा प्रश्नाला हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला तो त्या दिवशी, आणि तोही कॉलर हवालदाराच्या हातात होती म्हणून. "पण पोरगी तिथे एकटी उभी होती. आमच्याकडे आपलं माणूस झेंड्यापाशी एकटं पोचलं, तर मागच्यांनी नुसतं बसून पाहायचं नसते."

गुलाबरावांनी मागे वळून त्या दुर्बीणवाल्याकडे पाहिलं. मग माझ्या खोचलेल्या धोतराकडे पाहिलं. हवालदारानं मला एक हिसका दिला. "बोला लवकर, ओळखता काय याला? नाही तर नेतो चौकीवर."

"ओळखतो," गुलाबराव म्हणाले. "व्याही हायेत आमचे."

हवालदारानं त्यांच्याकडे फार दयेनं पाहिलं आणि माझी कॉलर सोडली. मला मात्र त्यानं फाटकाबाहेरच उभं केलं.

पुढचं मला शोभानं सांगितलं. पंचांनी मंडपातून झेंडा परत मागवला. पुढारी तो द्यायला तयार नव्हते, त्यांना वाटलं सत्काराचा आहे. शेवटी झेंडा रोवून झाला, शोभा तो कोपऱ्यातला फटका (त्याला कॉर्नर म्हणतात म्हणे) मारायला चेंडूपाशी गेली, तिनं समोर पाहिलं तर ती गोलकीपर अजून हसूनच राहिली होती. ते पाहून शोभालाही हसू फुटलं, आणि तिनं मारलेला चेंडू थेट प्रेक्षकांत गेला. सामना बरोबरीत सुटला. देशाचा एक विजय माझ्या नावावर बुडाला आहे, ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही.

संध्याकाळी मामाच्या घरी सुपारी फुटली. पुष्पाला आता नातवंडं झाली. संसार दृष्ट लागण्यासारखा आहे, आणि याचं सगळं श्रेय माझ्या धावण्याला आहे, असं मी अजूनही मानतो. गुलाबरावांचं मत वेगळं आहे. सोयरीक कशी जमली असं कोणी विचारलं की ते शांतपणे सांगतात, "हवालदारानं घाई केली जी. विचार कराले वेळच नाही भेटला."