रुसव्यात गेलेला गेम

माझा भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. मागच्या उन्हाळ्यात तो बुलढाण्याला माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात एक काळा ठोकळा होता. दोन्ही बाजूंना मुठी, मधे काच, पाठीला पंख्याची जाळी. "मावशी, हा नुसता गेम नाही, हातात धरायचा अख्खा कॉम्प्युटर आहे," तो म्हणाला. मी धरून पाहिला. चांगलाच जड होता, आणि वरच्या फटीतून तापलेल्या पोराच्या श्वासासारखी गरम हवा येत होती. त्यानं मला प्रोसेसर सांगितला, मेमरी सांगितली, पुढच्या वर्षी येणारं मॉडेल याच्यापेक्षा किती थंड असेल तेही सांगितलं. स्वतःच्या बायकोबद्दल त्याला एवढं सांगता येणार नाही. आणि इतकं सगळं करून बॅटरी दोन तासांत मान टाकते.

"पण एक आहे," तो म्हणाला, "आता मशीन बंद पडलं, फुटलं, तरी स्कोअर जात नाही. तो दुसरीकडे साठवलेला असतो."

मी म्हटलं, "बरं झालं." पुढचं काही मी ऐकलं नाही. हा पोटात असताना याची आई, म्हणजे माझी बहीण, बाळंतपणाला माहेरी येणार की नाही, हे असल्याच एका यंत्रावर ठरलं होतं. त्याला ते माहीत नाही. त्याच्या घरात बापाचा फोटो हार घालून लावलेला आहे, आणि हार घातलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये अशी आपल्यात रीत आहे. चांगली रीत आहे. मी ती मोडणार आहे.

ताई महाराष्ट्र राज्याच्याच वयाची, आणि मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान. आम्हाला भाऊ नाही. आम्ही देऊळघाटचे, थोडं कोरडवाहू, विहिरीवर थोडा भाजीपाला. मामा पिंपळगाव राजाचा, पण तो आखातात फिटर म्हणून गेला आणि पहिल्या सुट्टीत सगळ्यांसाठी काही ना काही घेऊन आला. आईला नायलॉनची साडी, बापाला टॉर्च, मला गेम. गावात तोवर टीव्हीसुद्धा नव्हता. बापानं तो गेम उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "याच्यात बातम्या लागत नाईत काय?"

तळहाताएवढी पत्र्याची चपटी डबी होती. मधे काच, डावीकडे एक बटण, उजवीकडे एक. वर झाडावर माकड, खाली टोपीवाला माणूस पाटी घेऊन. माकड नारळ टाकतं, माणसाला सरकवून तो पाटीत झेलायचा. तीन सुटले की खेळ संपला. काचेला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून गेम दिवसाच खेळायचा, तोही ओसरीत किंवा अंगणात. मी एकदा तो डोळ्यांसमोर तिरका धरला आणि मला कळलं की सगळे नारळ सगळ्या जागी आधीपासून फिकट छापलेले आहेत. जो पाहिजे तेवढाच काळा होतो. त्या दिवसापासून मला माकडाची भीती राहिली नाही. आत बटणासारखे दोन सेल. ते बुलढाण्याला घड्याळवाल्याकडेच मिळायचे, आणि काढले की त्या डबीची सगळी स्मरणशक्ती जायची. तेव्हाची यंत्रं अशीच होती, पोटात सेल असेपर्यंतच ओळख ठेवायची.

मग ताईचं लग्न झालं.

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरदेव रुसतो. ताट वाढलेलं असतं आणि तो घासाला हात लावत नाही. मग मुलीच्या बापानं जाऊन विचारायचं, काय हवं. कोणी घड्याळ मागतो, कोणी रेडिओ, कोणी सायकल. सगळ्यांना हे आधीच ठाऊक असतं, म्हणून बापानं घड्याळ आणूनच ठेवलं होतं. पण धाड गावच्या या नवरदेवानं आदल्या संध्याकाळी मला मांडवात खेळताना पाहिलं होतं. बापानं घड्याळ पुढे केलं, त्यानं मान फिरवली आणि बोट माझ्याकडे केलं.

"मले थे पाह्यजे. पोरीच्या हातातलं."

चोवीस वर्षांचा घोडा, डोक्याला बाशिंग. सगळी पंगत हसली. बाप माझ्याकडे आला. त्यानं मागितला नाही, माझी बोटं एकेक करून सोडवली. माझा बाप वाईट नव्हता. मुलीचा बाप होता. आई म्हणाली, "रडू नको माय, जावयाचं मन मोडू नाई." जावई दहावा ग्रह असतो असं म्हणतात. पण बाकीचे नऊ निदान जेवायला बसून रुसत नाहीत. घड्याळही त्यानं परत दिलं नाही.

त्याचं धाडला बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. तिथे गादीवर बसून तो दिवसभर खेळायचा. बोटं जाड, नजर मंद. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, इथे माणसाच्या हाती माकड गेलं होतं. पण दिवसभर बसायला मिळालं की गाढवालाही काहीतरी येतं. पुढे तसले गेम पुष्कळ आले. उन्हावर चालणारे आले. मग वरून विटा पडणारे आले, पेन्सिल सेलवाले. ते तर धाडच्या बाजारात ताडपत्रीवर, कंगव्या-आरशांच्या शेजारी मांडलेले असायचे. मग कॅसेट बदलायचे आले, मग रंगीत. भाऊजींनी त्यातला एकही सोडला नाही. ताईला कुकर घेऊन द्यायला मात्र त्यांना मुलगा दहावीत जावा लागला.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर जगजाहीर. सातवा लागला तरी त्यांनी तिला धाडलं नाही. कारण असं की दिवाळसणाला जावयाला दिलेलं कापड हलकं निघालं होतं. बाप एकदा जाऊन हात हलवत परत आला. मग आई म्हणाली, पोरीला घेऊन जा, मुऱ्हाळी आलेली पाहून तरी लाजतील. सासरहून लेकीला आणायला जातो तो मुऱ्हाळी. तो मान भावाचा. भाऊ नाही म्हणून मला नवं परकर-पोलकं घालून एसटीत बसवलं.

घर दुकानाच्या मागेच होतं. ताईनं दारातून मला पाहिलं, हसली आणि आत गेली. चेहरा वाळलेला, पोट तेवढं पुढे आलेलं. तिची सासू ओसरीत तूर निवडत बसली होती. बापानं विषय काढला तेव्हा तिनं मानही वर केली नाही.

"आमच्या घरी काय बाया बाळंत होत नाईत? माह्ये चारी इथंच झाले."

चारातले दोनच जगले, हे तिनं सांगितलं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं. बापाला तर नक्कीच. तो म्हणाला, "तसं नाई हो विहीणबाई," आणि स्वतःही तिच्या तुरीतले खडे वेचायला लागला.

तेवढ्यात भाऊजी दुकानातून आत आले. हातात गेम. माझी नजर त्यावर गेली आणि ती त्यांनी पकडली.

"काहो साळीबाई, अजून येते काय खेळता? बहिणीले न्यायले आली न तू? मंग माह्या स्कोर मोड. मोडला तं आजच ने. नाई मोडला तं इथंच होऊ दे बाळंत."

ते हसले, सासू हसली, आणि माझा बापही हसला. जावई थट्टा करतोय म्हणजे गाडी रुळावर येतेय, असं त्याला वाटलं असणार. मग ताईचे सासरे त्याला मागच्या खोलीत कापसाची गंजी दाखवायला घेऊन गेले, आणि तो गेला. लेकीचं काय होतंय ते बघायला तो थांबला नाही, याचा मला आजही संताप येतो.

भाऊजींनी त्यांचा आकडा दाखवला, चारशे बारा. मी गेम हातात घेतला. पत्र्यावरचा रंग उडालेला, डावं बटण बसलेलं, सेल मरायला टेकलेले. नारळ दिसत होते पण धुरकट. मी ओसरीच्या काठावर उन्हाला धरून बसले. भाऊजी येऊन असे उभे राहिले की त्यांची सावली थेट काचेवर. मी सरकले, सावलीही सरकली. मग मी गेम तिरका धरला, छापलेल्या फिकट जागा पाहिल्या आणि त्याच्या टिकटिकीवर खेळायला लागले. माकडाचा हात कुठल्या बाजूला गेला एवढं दिसलं तरी मला पुरत होतं.

दोनशेच्या आत एक नारळ सुटला. तीनशेनंतर दुसरा. ताई चहाचा ट्रे घेऊन माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. कप बशीवर वाजत होते. मला वाटलं, तिचा जीव माझ्या बोटांत आहे. बसलेलं बटण मी नखानं दाबत होते आणि नख मुळापासून दुखत होतं. बारा वर्षांची होते, आणि मी एक माणूस सोडवत होते. चारशे बारा झालं. तेरा झालं. वीस झालं तेव्हा मी मुद्दाम तिसरा सोडला, म्हणजे आकडा काचेवर थांबेल.

"मोडला," मी म्हटलं, आणि गेम वर धरला.

"पाहू," भाऊजी म्हणाले. त्यांनी तो घेतला, पाहिला, अंगठ्याचं नख पाठीमागच्या झाकणात घातलं आणि दोन्ही सेल तळहातावर काढले. अगदी सावकाश, शेंगेतले दाणे काढावेत तसे. मग परत बसवले. गेमनं एकदा टीक केलं आणि शून्य दाखवलं.

"कुठं आहे वं स्कोर?"

"तुम्ही सेल काढले. चारशे वीस होता. ताईनं पाह्यला."

सासूला आकडे कळत नव्हते, ती तूर निवडत राहिली. भाऊजींनी ताईकडे पाहिलं. "काऊन वं, तुनं पाह्यला?"

मी मागे वळले. ताईनं ट्रे खाली ठेवला आणि पदर सारखा केला.

"मले नाई दिसला," ती म्हणाली. "काचेवर ऊन चमकून राह्यलं होतं."

आवाज अगदी साधा होता. भाऊजी एवढे खूश झाले की त्यांनी माझी वेणी ओढली. बापाला हाक मारून बोलावलं आणि म्हणाले, "न्या हो मामाजी. हारली तुमची पोरगी. पण माह्यं मन काही लहान नाई. घेऊन जा बायकोले, सुखानं बाळंत होऊ द्या." वर माणूस पाठवून जिलेबीचा पुडा आणवला. बापानं हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असल्या माणसासाठी. सासू तेवढी बसल्या जागी पुटपुटत राहिली, पण मुलाच्या मोठेपणापुढे तिचं काही चाललं नाही.

परतीच्या एसटीत बाप पुढच्या बाकावर जिलेबीचा पुडा मांडीवर घेऊन बसला. ताई माझ्या शेजारी. मी तिच्याशी बोलत नव्हते. धाड मागे पडलं तेव्हा तिनंच विचारलं, "बोलत काऊन नाई माह्यासंगं?"

"तुले दिसला होता."

"हाव. चारशे वीस."

"मंग खोटं काऊन बोलली?"

तिनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "तू जितली असती तं थ्यानं मले घराबाहेर पाय काढू देला नसता. हारलेला माणूस काही देत नसते, माय. जितला की देते. थे मले थ्या घरात जाऊन समजलं."

मी माझं दुखरं नख दाबून पाहिलं.

"तू खेळत होती न," ती खालच्या आवाजात म्हणाली, पुढच्या बाकावर ऐकू जाऊ नये म्हणून, "तवा मी मांगं उभी राहून देवाले हेच म्हणून राह्यली होती, का हारू दे इले. लवकर हारू दे."

मी खिडकीकडे तोंड केलं ते देऊळघाट येईपर्यंत. पुढे बाळ आडवं निघालं, रातोरात बैलगाडी जोडून बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं, आणि दोघं वाचली. धाडला काय झालं असतं ते सगळे जाणतात. बाप गेला, भाऊजी गेले. त्यांच्यावरचा राग हळूहळू विझला. ताईवरचा तेवढा अजून आहे, कारण ती बरोबर होती.